अकरा हात, चार बोटं

आमच्याकडे मोटार कधीच आली नाही, पण गॅरेज होतं. त्याला कारण दरवाजे. बाबा रेल्वेच्या कारखान्यात सुतार होते. तिथल्या भंगारातून त्यांना सागवानाचे दोन भक्कम दरवाजे मिळाले. उत्तर नागपुरातल्या आमच्या ले-आउटात, म्हणजे प्लॉट पाडलेल्या नव्या वस्तीत, घर बांधायला काढलं तेव्हा त्यांनी आधी हे दरवाजे कुठे बसतील ते ठरवलं आणि मग त्यांच्यामागे खोली काढली. शेजारी विचारायचे, "काय मिस्त्री, मोटार कधी येऊन राहिली?" बाबा म्हणायचे, "दरवाजे आले ना गा, मोटारही येईन." आल्या त्या सायकली, फळ्यांची चवड आणि आईच्या गोवऱ्या. या गॅरेजच्या मागच्या चार इंची भिंतीला लागून एक खोली होती. ती माझी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते आणि एका सरकारी कचेरीत ट्रेसर होते. दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड पसरायचं आणि त्यांच्याच रेघा शाईनं पुन्हा ओढायच्या, हे माझं काम. मला स्वतःच्या रेघा ओढायच्या होत्या. त्यासाठी ड्राफ्ट्समनची परीक्षा द्यायची होती, म्हणून त्या खोलीत भिंतीशी ड्रॉइंग बोर्ड मांडला होता. आमच्या घराचा मंजुरीचा नकाशाही शिकत असताना मीच काढला होता. गॅरेजची आतली लांबी सोळा फूट चार इंच, रुंदी आठ फूट. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण विचारणार कोण?

माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा भाऊ होता. सावनेरकडे कोळशाच्या खाणीत कारकून होता, शनिवारी घरी यायचा. खरं सांगते, मी त्याच्यावर जळत होते. त्याच्या नोकरीवर नाही, त्याला आई वाढायची त्या जादा तुपावरही नाही. बाबांवरून जळत होते.

छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून बाबांनी एकच धरून ठेवलं होतं, पोरीनं शिकायचं. मला पाटी मिळाली, दप्तर मिळालं, शाळेच्या वाटेवर कुणी वाकडं बोललं तर बाबा स्वतः जाऊन त्याच्या दारात उभे राहिले. पण रंधा मिळाला भावाला. सुट्टीच्या दिवशी दोघं गॅरेजात फळी ठोकत बसायचे आणि मी भिंतीपलीकडे भूमिती सोडवायची. त्याच्या हातून खिळा वाकला की बाबा हसायचे. ते हसू मी बाबांच्या तोंडून माझ्यासाठी कधी ऐकलं नाही, कारण माझी गणितं चुकत नव्हती. एकदा मी रंधा हातात घेतला तर त्यांनी तो हळूच काढून घेतला. म्हणाले, "हात खराब होतीन वं. तुले लिहायचं हाय." मायेनंच म्हणाले. त्या मायेचा मला आजही राग येतो.

माझ्या पहिल्या पगारातून मी त्यांना मनगटी घड्याळ आणलं. चांगल्या दिवशी घालू म्हणून त्यांनी ते पेटीत ठेवलं. भावानं आठवडी बाजारातून एक गंजलेली करवत आणली, तर बाबा तीन दिवस तिला तेल पाजत बसले.

बाबांचा एक मान होता. सगळ्या कारखान्यात त्यांच्या हाताची ख्याती होती. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं माप. कापायला घेतलं की फूटपट्टी असायचीच, पण अंदाज सांगायचा तो हातानं. ते चौकटीवर हात टाकत जायचे, शेवटी उरलं ते बोटांनी मोजायचे आणि सांगायचे, "नऊ हात, दोन बोटं." मग दुसरा कोणी टेप लावून बघायचा आणि मान हलवायचा. "माझा हात चुकत नाही," असं ते म्हणायचे. घमेंडीनं नव्हे, आज बुधवार आहे म्हणावं तसं.

ते निवृत्त झाले आणि त्या हाताला काम उरलं नाही. दिवसभर ओट्यावर बसायचे. आईचे चांगले पाटही ठोकून ढिले करून ठेवायचे. मी त्यांना वाचायला पुस्तकं आणली. भावानं डोंगा आणला.

झालं असं की, कन्हान नदीवर खाणीपासून जवळच्या एका घाटावर पूल झाला आणि तिथल्या नावाड्याचं काम सुटलं. माणसं, बकऱ्या, सायकली वाहून नेणारा त्याचा मोठा डोंगा काठावर वाळत पडला. भावानं तो बघितला आणि घरी येऊन बाबांना म्हणाला, "बाबा, लाकूड असं हाय का हात लावला तर सोडू वाटत नाही. दोनचार फळ्या सडल्या, बाकी पक्का. तुम्ही दुरुस्त करून द्या, मंग खाणीजवळच्या तलावात टाकतो. रविवारी मासोळ्या धरू." बाबा ओट्यावरून उठून उभे राहिले. वर्षभरात मी त्यांना असं उठताना पाहिलं नव्हतं. माझ्या अंगाची नुसती आग झाली. हे मला का नाही सुचलं? पुस्तकं काय, कोणीही आणतं.

"लांबी किती?" बाबांनी विचारलं.

"अकरा हात म्हणते नावाडी."

बाबा तडक गॅरेजात गेले. भिंतीशी ओणवे होऊन दाराच्या उंबऱ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत हात टाकत गेले. "अकरा हात, चार बोटं," आतून आवाज आला. "बसते! दरवाजेही लागतीन." आणि बापलेक दोघं हसले. मी दारात उभी होते. माझ्या पर्समध्ये टेप होता.

पुढच्या आठवड्यात सौदा पक्का करायला नावाडी घरी आला. उंच, काळा, शिडशिडीत म्हातारा. आईनं चहा केला, मी सुपारी घेऊन बाहेर आले. बाबा कुणाच्या तरी हाकेला फाटकापाशी गेले होते. नावाड्याला माझ्याशी काय बोलावं सुचेना. डोंगा किती रुंद आहे ते सांगायला तो आमच्या ओट्याच्या काठावर हात टाकू लागला. टाकता टाकता सबंध ओटा मोजून मोकळा झाला. "सहा हात हाय बाई तुमचा ओटा, वर तीन बोटं," तो म्हणाला आणि सुपारी तोंडात टाकली.

आदल्याच रविवारी बाबांनी उन्हासाठी बांबूच्या तट्ट्या बांधायला तोच ओटा मोजला होता. सात हात.

मी आत आले आणि खडू घेऊन हिशेब मांडला. बाबांचा हात साडेसतरा इंच, हे मला नकाशाच्या वेळेपासून माहीत होतं. ओट्यावरून नावाड्याचा निघाला वीस इंच. त्याचे अकरा हात म्हणजे अठरा फूट चार इंच. गॅरेज सोळा फूट चार इंच. डोंगा दोन फूट बाहेर.

हिशेब दोनदा केला आणि पुसून टाकला.

नावाडी जायच्या आत सांगता आलं असतं. नंतरचे आठ दिवसही होते. त्या आठ दिवसांत बाबांनी गॅरेज धुतलं, सायकली भिंतीवर टांगल्या, आईच्या गोवऱ्या अंगणात आणल्या आणि तिची बोलणी खाल्ली. शनिवारी जेवताना त्यांनी भावाला विचारलं, "लांबी बराबर विचारली होती ना गा?" तो म्हणाला, "अकरा हातच बाबा, दोनदा विचारलं." बाबांची नजर माझ्या ताटावरून सरकली आणि पुढे आईच्या ताटावर गेली. त्यात मला विचारण्यासारखं काही असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. घरात मापाचा पगार घेणारी एकच व्यक्ती होती आणि ती वरणभात कालवत बसली होती. मी मनात म्हटलं, येऊ द्या डोंगा. अडकू द्या दारात. सगळ्या ले-आउटासमोर भावाची फजिती होऊ द्या. मग परत नेईल आणि बाबांना कळेल कोणाला विचारायला हवं होतं. इतकं स्पष्ट म्हटलं. उगाच आता साळसूदपणा कशाला करू?

बुद्धपौर्णिमेच्या दिवशी डोंगा आला. खाणीवरून कोळसा घेऊन शहरात येणाऱ्या ट्रकवर घातला होता, त्यामुळे काळाकुट्ट होऊन आला. नावाडी त्याच्यासोबत वर बसून आला होता, तोही तसाच. सगळा ले-आउट गोळा झाला. बायका खिरीच्या वाट्या हातात घेऊनच फाटकाशी आल्या. दहाबारा जणांनी डोंगा उतरवला, खाली लाकडाचे गोल ओंडके घातले आणि "हां, चला, अजून" करत गॅरेजात ढकलला. टोक जाऊन मागच्या भिंतीला टेकलं. पलीकडे माझ्या बोर्डवरची शाईची बाटली खणखणली. इकडे डोंग्याचा मागचा भाग दोन फूट बाहेर.

"तिरपा घाला," भाऊ म्हणाला. तिरपा घातला, तर मागची कड चौकटीत अडकली. पुन्हा सरळ केला. मे महिन्याचं ऊन, सगळे घामाघूम, आणि मी आंब्याच्या झाडाखाली हाताची घडी घालून उभी. आतून मला काय वाटत होतं ते सांगायला चांगला शब्द नाही.

बाबा पुढे झाले. डोंग्याच्या काठावर स्वतःचा हात टाकत गेले. "साडेबारा. तुम्ही अकरा म्हटले होते."

"अकराच हाय मिस्त्री," नावाडी म्हणाला आणि त्यानं मोजला. अकरा.

"अहो, साडेबारा!"

"अकरा! चाळीस वर्षं बसलो मी याच्यात!"

दोघांनी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. शेवटी शेजारचे एक तार मास्तर मध्ये पडले. त्यांनी दोघांना डोंग्याच्या काठावर कोपरं टेकवून हात शेजारी शेजारी ठेवायला लावले. बाबांचं मधलं बोट नावाड्याच्या बोटाच्या दुसऱ्या पेरापाशीच संपलं.

आणि सगळे जे हसले! "मिस्त्रीचा हात आखूड निघाला!" कोणी तरी ओरडलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. नावाडी हसला. भावाची फजिती व्हायची होती, तो तर सगळ्यांत जास्त हसत होता. हसले नाहीत ते बाबा. ते आपल्या हाताकडे बघत होते.

मला हे हवं नव्हतं. मी फजिती मागितली होती, पण बाबांची नाही. ती कोणाच्या वाट्याला जाईल हे मोजायचं मात्र माझ्याकडून राहून गेलं होतं.

आणि मग नावाडी, बिचारा सरळ मनानं, म्हणाला, "मिस्त्री, त्या दिवशीच समजाले पाहिजे होतं. तुमचा ओटा मी सहा हात मोजला होता. ही बाई होती ना तिथं, सुपारी देऊन राहिली होती."

बाबांनी वळून ओट्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

माणसं पांगली. डोंगा तसाच दारात राहिला. ऊन उतरल्यावर बाबा माझ्या खोलीत आले. ते या खोलीत सहसा येत नसत, मुलगी अभ्यास करते म्हणून. आल्यावर स्टुलावर बसले.

"तुले मालूम होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तो आला होता त्या दिवसापासून."

"मंग सांगतलं काहून नाही वं?"

मी आठ दिवस या प्रश्नाचं उत्तर घोकून ठेवलं होतं. "तुम्ही मला कधी विचारलं, बाबा? आजपर्यंत एकदा तरी?"

माझ्या मनातल्या मनात हे वाक्य फार जोरात वाजलं होतं. खोलीत म्हटलं तेव्हा ते चिडक्या पोरीचं वाटलं. बाबांनी बोर्डकडे बघितलं. बोर्डवर कुठल्या तरी पाटबंधाऱ्याचा नकाशा होता, दुसऱ्याचाच. म्हणाले, "डोंगा उन्हात राहिला तर तडकन. दरवाजे लागले पाहिजेत. ही भिंत फोडावी लागते."

"ही? माझी?"

"त्याचं टोक इकडे घेऊ." त्यांनी खिशातून खडू काढून माझ्यापुढे धरला. "घे. किती फोडायची ते तू सांग. तू मोज."

चोवीस वर्षं ज्याची वाट बघितली ते असं आलं. बाबांनी मला विचारलं, आणि विचारलं काय, तर माझ्याच खोलीला भोक कुठे पाडू. मी नाही म्हणू शकले असते. मागचा भाग बाहेर ठेवा, वर ताडपत्री टाका, असं सांगू शकले असते. पण मी टेप काढला. गॅरेजात जाऊन डोंग्याच्या टोकाची दोन फुटांवरची रुंदी घेतली, उंची घेतली, जमिनीपासूनची चढण घेतली. इकडे येऊन बोर्ड बाजूला केला आणि भिंतीवर आकार काढला. सगळीकडून एक बोट जागा सोडली. माझ्या आयुष्यातली स्वतःची म्हणावी अशी ती पहिली रेघ.

दुसऱ्या दिवशी बाबांनी छिन्नीनं ती रेघ तंतोतंत कोरली. माणसं पुन्हा गोळा झाली, डोंगा ढकलला आणि त्याचं काळं टोक माझ्या खोलीत येऊन थांबलं. सगळ्या बाजूंनी एक बोट जागा होती. बाहेर दरवाजे लागले. बाबांनी माझ्या खोलीत येऊन त्या फटीतून बोट फिरवलं, खालपासून वरपर्यंत, पुन्हा खाली. "बराबर हाय," म्हणाले. एवढंच. त्यांच्या तोंडून मापाबद्दल मिळालेली माझी पहिली शाबासकी, आणि मला ती गोड लागेना.

तो उन्हाळा मी डोंग्याच्या टोकाशेजारी परीक्षेचा अभ्यास केला. पलीकडून डांबराचा वास यायचा आणि बापलेकांचं बोलणं यायचं, आता भिंतीतल्या भोकामुळे जास्तच स्पष्ट. भाऊ रजा काढून यायचा. खिळे वाकवायचा, बाबा हसायचे. माझा मत्सर काही गेला नाही. अपराधी वाटत असतानाही माणूस जळू शकतो, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. परीक्षा पास झाले. डोंगा तलावात गेला आणि पुढची सहा-सात वर्षं दर उन्हाळ्यात डांबर लावायला घरी येत राहिला. पाहुण्यांना मी सांगायची, हे आमचं मोटारीचं टोक.

बाबा मात्र बदलले. त्यांनी एक टेप आणला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवू लागले. साधी मांडणी करायची असली तरी मला हाक मारायचे, "बाई, जरा मोजून दे." मी मोजायची, ते लिहून घ्यायचे. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. फक्त त्यांनी पुन्हा कशावर हात टाकलेला मी पाहिला नाही. कोणी जुन्या ओळखीनं म्हटलं, "मिस्त्री, किती हात भरन?" तर ते म्हणायचे, "माझा हात आखूड हाय. पोरीले विचारा."

पुढे भावाची बदली झाली आणि त्यानं डोंगा तलावावरच्या कोळ्यांना देऊन टाकला. मी तोवर ड्राफ्ट्समन झाले होते, लग्न होऊन रामदासपेठेत राहायला गेले होते. एका रविवारी बाबांनी बोलावलं. भोक बुजवायचं होतं आणि गॅरेज भाड्यानं द्यायचं होतं, घेणाऱ्याला लांबी सांगायची होती. बाबांना नीट दिसेनासं झालं होतं. ते दारात खुर्ची टाकून बसले होते आणि गॅरेज इतकं रिकामं मी कधीच पाहिलं नव्हतं.

टेप काढायला पर्समध्ये हात घातला आणि काय वाटलं कोण जाणे, मी ओणवी झाले. उंबऱ्यापाशी कोपर टेकवलं आणि भिंतीच्या कडेनं हात टाकत गेले, बाबा जायचे तशी. साडी सावरत, गुडघे दुखवत. मागच्या भिंतीशी पोचले तेव्हा थोडी जागा उरली. तिथे बोटं ठेवली. एक, दोन, तीन, चार. मी तिथेच खाली बसले. माझा हात म्हणजे अगदी त्यांचाच हात होता. भाऊ उंच, त्याचा हात आईकडचा. रंध्यासाठी मी इतकी वर्षं जळले, आणि ही वस्तू जन्मापासून माझ्याकडेच होती.

"किती भरलं?" बाबांनी दारातून विचारलं.

"अकरा हात, चार बोटं," मी म्हटलं. माझा हात त्यांचाच आहे हे त्यांना कळेल, ते हसतील, असं मला वाटलं.

बाबांनी सदऱ्याच्या खिशातून टेप काढून माझ्या दिशेनं धरला.

"हाताचा भरोसा नाही वं," ते म्हणाले. "टेपनं पाहून घे."

मी उठले, टेप घेतला आणि लावला. सोळा फूट चार इंच होते.